वस्तीवरच्या कुत्र्यांसाठी बंदिस्त जागा: कामाच्या नोंदी

जागा जुन्नर तालुक्यातली, नारायणगावच्या पुढे मळ्यातली वस्ती. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूने पाणंद, ती पुढे शाळेच्या रस्त्याला लागते. कुत्री दोन, वाघ्या आणि चंपी, दोन्ही गावठी. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक सारखे विचारतायत किती खर्च आला, जाळी कुठली, परवानगी लागते का, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

२३ नोव्हेंबर २०२५

शेजारच्या तात्यांचा नातू सकाळी मोटारसायकलवर किटल्या लावून डेअरीला निघालेला, आमची दोन्ही मागे लागली, पोराने घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी मुरमावर घसरली. कोपर सोललं, दूध गेलं सगळं पाणंदीत. चावलं नाही एवढंच नशीब. तात्या संध्याकाळी आले, आवाज चढवला नाही पण म्हणाले, "हे बघ, कुत्री तुझी, सांभाळायची तू. माझ्या नातवाने कशाला जीव मुठीत धरून दुधाला जायचं?" बरोबर पोलीस पाटीलही होते, म्हणजे मामला साधा नव्हता.

त्यात वातावरण तापलेलंच आहे. शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याने तीन जीव घेतले, लोकांनी मंचरला पुणे-नाशिक हायवे अडवला, तेव्हापासून गावोगाव बैठका चालल्यात. आमच्याकडे मारुतीच्या देवळात बैठक झाली त्यात तोंडीच ठरलं, की वस्तीवरची कुत्री दिवस मावळायच्या आत बंद, शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी पाणंदीवर मोकळी दिसता कामा नयेत, आणि प्रत्येक कुत्र्याचं रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवायचं. कागदावर काही नाही, दंड नाही, पण गावात राहायचं तर एवढं पाळावंच लागतं.

२६ नोव्हेंबर

चुलतभाऊ राजगुरुनगरच्या कोर्टात वकिली करतो, त्याला फोन लावला. त्याने सांगितलेलं थोडक्यात लिहितो कारण पुढचं सगळं बांधकाम यावरच ठरलंय.

पहिलं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत हेच २८९ होतं आणि दंड एक हजार होता. चावायलाच पाहिजे असं काही नाही, गाडीमागे लागून पाडलं तरी तक्रार होऊ शकते.

मी म्हटलं मग बांधून ठेवतो. तर तो म्हणाला थांब, प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा १९६०, कलम ११. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा, हलता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं गुन्हा, आणि कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही गुन्हा. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये, हसू नका, जुन्या काळचे आकडे आहेत ते. पण दंड लहान म्हणून गोष्ट लहान होत नाही. दिवसभर बांधलेलं कुत्रं अजून चिडकं होतं आणि सुटलं की पहिला माणूस दिसेल त्याच्या अंगावर जातं, हे आमच्याकडे कोणालाही विचारा.

आणि तिसरा कायदा बिबट्याचा, तो कुठे लिहिलेला नाही. साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा निघाला, शेळीपेक्षा जास्त. आमच्या पट्ट्यातही ऊस तसाच, बिबट्याही तसाच. मागच्या वर्षी पलीकडच्या वस्तीवर सकाळी खुंट्याला नुसता पट्टा आणि साखळी राहिली होती. शेळी गेली तर वनखातं पंचनामा करतं, कुत्र्याचा पंचनामा करायला कोण येतं?

म्हणजे मोकळं सोडायचं नाही, बांधायचं नाही, उघड्यावर ठेवायचं नाही. उरलं काय, तर वरून बंद अशी मोठी जागा. फूट-इंचात माप कायद्यात नाहीये, हालचालीला वाजवी जागा हवी एवढंच म्हटलंय, त्यामुळे माप आपणच ठरवायचं.

३० नोव्हेंबर

काम होईपर्यंत तात्पुरता इलाज. गोठ्याचा खांब आणि कडुनिंब यांच्यामध्ये आठ गेजची जीआय तार (जस्त चढवलेली; गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड) ताणून बांधली, त्यात कप्पी घातली आणि कप्पीला साखळी, म्हणजे कुत्र्याला वीस-पंचवीस फूट पळता येतं. कल्पना चांगली आहे, दिवसा चालते. फसलं ते कडुनिंबापाशी, वाघ्या खोडाला गोल गोल फिरला आणि साखळी इतकी गुंडाळली गेली की मान वर करता येईना, घरच्यांनी पाहिलं म्हणून वाचला. मग खोडाच्या पाच फूट अलीकडे तारेवर क्लॅम्प आवळला, त्याच्यापुढे कप्पी जातच नाही. दोन कुत्री एका तारेवर अजिबात लावू नका, गुंता होतो आणि भांडणं वेगळीच. रात्री दोघांना शेणकुटाच्या खोलीत घालतोय, चंपीने दाराचा खालचा कोपरा कुरतडलाय.

७ डिसेंबर

आखणी. बारा फूट बाय आठ फूट, उंची सात. आत एका कोपऱ्याकडे, जाळीपासून सोडून, चार बाय तीनची झोपायची खोली. गोठ्याला चिकटून करायचा विचार होता म्हणजे एक भिंत वाचली असती, पण गोठ्याचा पत्रा उतरता आहे, त्यावरून बिबट्याला थेट छतावर येता येईल, म्हणून चार फूट सोडून घेतलं. उसापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं गेलो, मध्ये पंधरा-एक फूट मोकळी जागा ठेवली. तिथे गवत वाढू द्यायचं नाही.

झोपायची खोली कडेला नको, जाळीपासून आत हवी, असं वनखात्याचे एक वनरक्षक येऊन बघून गेले त्यांनी सांगितलं. बिबट्या बाहेरून जाळीवर धडका देतो ते आत कुत्रं दिसतं म्हणून, कुत्रं पण घाबरून जाळीलाच चिकटतं. खोलीच्या तीन बाजू भिंतीच्या केल्या की दोघं एकमेकांना दिसत नाहीत आणि बराचसा तमाशा तिथेच संपतो. मला हे कधीच सुचलं नसतं.

परवानगीचं विचारत होते बरेच जण. आम्ही ग्रामपंचायतीत ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं, ते म्हणाले स्वतःच्या शेतात गोठ्यासारखं करताय तर अडचण नाही, फक्त पाणंदीच्या हद्दीत येऊ नका. गावोगाव वेगळं असू शकतं, विचारून घ्या.

११ डिसेंबर

जाळी. इथे पैसे आणि वेळ दोन्ही गेलं. फॅब्रिकेशनवाला म्हणाला चेनलिंक घ्या, कंपाउंडला सगळे तीच लावतात, ५,६०० ची आणली. उतरवली तेव्हाच एक तुकडा दोन खांबांमध्ये ताणून बघितला, वाघ्याने खालून तोंड घातलं आणि वर ढकललं, जाळी सरकली वीतभर. चेनलिंक विणलेली असते, एक तार सुटली की पुढची ढिली होते, आणि मांजरवर्गातलं जनावर तिच्यावर चढायला पायऱ्या मिळाल्यासारखं चढतं. दुकानदार परत घेईना, आता ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.

मग वेल्डमेश घेतली, दोन बाय दोन इंच, दहा गेज. प्रत्येक सांधा वेल्ड असतो त्यामुळे एक तार तुटली तरी बाकी जागची हलत नाही. आळेफाट्याला एका दुकानात दहा गेज म्हणून दाखवली ती बोटाला हलकी वाटली, व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला तर अडीच मिलिमीटरच्या वर जरा, म्हणजे बारा गेज. दहा गेज तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. दुसऱ्या दुकानातून किलोवर घेतली, साधारण ७० किलो, ७,१०० रुपये. फुटावर भाव सांगणाऱ्याकडून घेऊच नका, काट्यावर घाला म्हणजे पातळ माल लगेच कळतो.

१६ डिसेंबर

पाया. चारी बाजूंनी दीड फूट चर खोदला, खाली खडीचं काँक्रीट, त्यावर सहा इंची सिमेंट ब्लॉक, जमिनीच्या वर दोन फूट भिंत. हे सगळं दोन कारणांसाठी, चंपी उकरते आणि तिने उकरलेल्या भोकातून बाहेरचंही आत येऊ शकतं. नुसती जाळी जमिनीत गाडतात काही जण, ती दोन पावसाळ्यांत गंजते.

खांब आठ फुटी घेतलेत, एक फूट काँक्रीटमध्ये. गवंड्याने पहिले तीन खांब ओळंबा न लावता नजरेनेच उभे केले, एक इंचभर झुकलेला होता, काँक्रीट ओलं होतं म्हणून सरळ करता आला. वाळल्यावर कळलं असतं तर दाराची चौकटच बसली नसती.

२१ डिसेंबर

खालचा कोबा. शहाबादी फरशी नको म्हटलं कारण गोठ्यात आहे ती, ओली झाली की गुळगुळीत आणि सांध्यांत मूत मुरून वास जात नाही. साधा कोबा घातला, वरून झाडूने ओढून खरखरीत केला. मिस्त्रीला सांगितलेलं ढाळ चार फुटाला एक इंच दे, दरवाज्याच्या उलट्या बाजूला. त्याने ढाळ दिला पण कोपऱ्याकडच्या झोपायच्या खोलीकडे. बादलीभर पाणी ओतलं तर सगळं नेमकं कुत्र्यांच्या अंथरुणाखाली जाऊन थांबलं.

छन्नी-हातोड्याने तो कोपरा फोडला, खोलीचा तळ चार इंच उचलला, आणि बाकीचा ढाळ भिंतीतल्या दोन इंची पाईपकडे वळवला. २,५०० रुपये जास्तीचे गेले, आणि वाळायला परत थांबावं लागलं ते वेगळंच. पाणी ओतून बघा, मिस्त्री तिथे उभा असतानाच ओतून बघा. पाईपच्या तोंडाला जाळी लावली नाहीतर साप आत, आमच्याकडे घोणस भरपूर.

२७ डिसेंबर

वेल्डिंग रखडलं ते विजेमुळे. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, दिवसा घरची सिंगल फेज, तिच्यावर वेल्डिंग मशीन लावलं की व्होल्टेज पडतं आणि वेल्ड नुसता वर चिकटतो, आत जात नाही. रात्री काम करायचं म्हटलं तर वेल्डर म्हणाला, "दादा, बिबट्याचं काम आहे म्हणताय आणि रात्री बोलावताय?" त्याचंही बरोबर. शेवटी जनरेटर भाड्याने आणला, पहिले काही सांधे हातोड्याने ठोकून बघितले त्यातले दोन सुटले, ते सगळे परत मारून घेतले.

जाळी पाईपला नुसती टाके मारून लावत होता, दर फुटावर एक टाका. थांबवलं. जाळी बाहेरच्या बाजूने लावायची, म्हणजे बाहेरून धडक बसली तर ती पाईपवर दाबली जाते, आणि जाळीच्या कडेवरून पाऊण इंची पट्टी ठेवून पट्टीसकट वेल्ड करायचं. आतून लावली तर सगळा भार टाक्यांवर येतो आणि ते एकेक करून निघतात. पट्टीमुळे लोखंड वाढलं, मजुरी वाढली, पण हा खर्च वाचवण्यासारखा नाही.

एक आडवं झालं. वेल्डरच्या हाताखालच्या पोराने वाघ्याला बिस्कीट द्यायला हात पुढे केला आणि त्याने ओरखडा काढला, दात की नख ते कळलं नाही. पोर म्हणालं काही नाही हो, हळद लावतो. हळद-चुना काही लावू दिलं नाही, नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, घड्याळ लावून, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन इंजेक्शन सुरू केलं. पुढच्या डोसांच्या तारखा त्याच्या कार्डावर आहेत, मीच फोन करून आठवण करतोय. काम चालू असताना कुत्री तिथे ठेवू नका.

२ जानेवारी २०२६

छत. सुरुवातीला बऱ्याच जणांनी सांगितलं सात फूट उंची आहे, वरती जाळी कशाला. बिबट्या कुत्रं तोंडात धरून झाडावर चढतो, त्याला सात फूट काय. वरती पूर्ण वेल्डमेश, तिच्यावर पाच इंच जागा सोडून पत्रा. नुसता पत्रा घातला तर तो स्क्रूवर असतो, उचकटतो. मधल्या जागेमुळे हवा खेळते, उन्हाळ्यात कळेल किती ते.

शेजारी म्हणाले भोवती झटका मशीन लाव. सोलरवालं, बारा व्होल्टच्या बॅटरीवर, सेकंदा-सेकंदाला ठोका देतं, डुकरांसाठी लावलेलं आहे आमच्या भुईमुगाला. पिंजऱ्याभोवती लावून बघितलं, खालच्या तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत जातो, वर लावली तर बिबट्या खालून येतो, आणि चंपीची शेपटी जाळीबाहेर जाऊन तारेला लागली तर ती दोन दिवस आत जाईना. काढून टाकलं. थेट लाईनचा करंट तर स्वप्नातही नको, दरवर्षी त्याने माणसं मरतात, आणि बिबट्या वन्यजीव कायद्यात अनुसूची एकमध्ये (सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत) आहे, तो मेला तर सरळ जेल.

६ जानेवारी

दार, म्हणजे सगळ्या कामातलं डोकं खाणारं काम.

दार आत उघडणारं की बाहेर? बाहेर उघडणारं केलं तर कडी काढली की कुत्री अंगाने ढकलून पाणंदीवर. आत उघडणारं केलं तर कुत्र्याला ढकलता येत नाही पण बाहेरचा ढकलू शकतो. म्हणून दोन दारं केली, मध्ये तीन फूट बाय तीन फूट जागा. बाहेरचं दार बाहेर उघडतं, बिबट्याने ढकललं तर ते चौकटीवर दाबतं. आतलं आत उघडतं, कुत्र्याने ढकललं तर तेही चौकटीवरच. आपण मधल्या जागेत उभं राहून बाहेरचं लावायचं, मग आतलं उघडायचं. लहान पोरं भाकरी टाकायला गेली तरी कुत्रं निसटत नाही, मला वाटतं सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात कामाची झाली.

कडी मात्र फसली. आतल्या दाराला साधी आडवी कडी लावली होती, वाघ्याने दुसऱ्याच दिवशी पंजाने सरकवली, जाळीतून नखं घालून. तिच्या जागी अलड्रॉप लावला जो आधी वर उचलून मग सरकवावा लागतो, आणि वरती-खाली टॉवर बोल्ट. बाहेरच्या दाराला कुलूप, चावी घरात खिळ्याला. बिजागऱ्या वेल्ड करून घेतल्या, स्क्रूवाल्या नको.

१० जानेवारी

कुत्री रात्रीच्या मुक्कामाला आत घातली. वाघ्या खाऊन-पिऊन झोपला, चंपी रात्रभर रडली आणि दाराशी बसून राहिली. दिवसा दार उघडं ठेवून आतच जेवण द्यायला लागलो, घरातली जुनी गोधडी टाकली, मग हळूहळू स्वतःहून जायला लागली. एकदम कोंडायचं नाही, आधी आठवडाभर जेवणाची जागा करायची आणि मग दार लावायचं असं पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आम्हाला उशिरा भेटले ते.

१५ जानेवारी

भुंकणं. आधी पाणंदीवर फिरून भुंकायची, आता एका जागेवरून भुंकतात, जाणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक ट्रॅक्टर. ऊसतोडणी चालू आहे त्यामुळे रात्री-बेरात्री गाड्या. पाणंदीच्या बाजूला भिंतीवरून चार फूट पत्रा लावला, कुत्र्यांना रस्ता दिसेनासा झाला आणि निम्मं भुंकणं बंद. पत्र्याचा अजून एक फायदा झाला, त्या आधी भाचीने जाळीतून हात घातला होता कुत्र्याला खाजवायला. दोन इंची जाळीतून मोठ्याचा हात जात नाही पण लहान पोराचा मनगटापर्यंत जातो. बंदिस्त म्हणजे आतलं बाहेर येत नाही एवढंच धरून चालत होतो आम्ही, बाहेरचं आत जाऊ नये हे पण बघायला लागतं. रस्त्याला लागून असेल त्या बाजूला पत्रा पहिल्यापासूनच धरा हिशोबात.

२० जानेवारी

दोघांना रेबीजची लस, कार्डं केली, एकेक फोटोकॉपी पोलीस पाटलांकडे. चंपीची नसबंदी करून आणली. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्याची लस, जंत आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी धरली आहे, आणि भटक्यांची स्थानिक संस्थेची. आम्हाला व्यवहारातलं कारण जास्त पटलं, माजावर आली की दहा वस्त्यांवरची कुत्री आमच्या अंगणात आणि त्यांच्या मागोमाग काय येतं ते सांगायला नको.

पुण्यात राहणाऱ्या मेहुण्याने फोटो मागितले, त्याच्या रो-हाऊसच्या मागे करायचंय त्याला. शहरात महापालिकेचं श्वान लायसन काढावं लागतं, ते आधी काढ म्हटलं. सोसायटीवाले कुत्रं पाळायलाच बंदी घालतायत म्हणत होता, तशी बंदी घालता येत नाही असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत आहे, पण त्याच सूचनांत बाहेर नेताना दोरी धरा आणि घाण उचला हेही सांगितलंय. तो अर्धा भाग मेहुणा वाचत नाही.

२९ जानेवारी

शेजारचा ऊस तुटला परवा. सकाळी पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ठसे, भिंतीच्या कडेला मुरूम उकरलेला, आणि छताच्या पत्र्याला एका कोपऱ्यात पोचा, म्हणजे वर चढला होता. जाळी जशीच्या तशी. एका ठिकाणी पट्टीचा वेल्ड जरा उघडलाय, तो जनरेटर यायच्या आधी सिंगल फेजवर मारलेला आणि तपासताना नजरेतून सुटलेला. वेल्डरला बोलावून परत मारून घेतला, तसले बाकीचेही ठोकून बघितले. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईन नंबरला फोन केला, त्यांची माणसं येऊन ठसे बघून गेली, आजूबाजूच्यांना सांगून गेली. दोन्ही कुत्री आतल्या खोलीत होती, भुंकली सुद्धा नाहीत म्हणे घरातले, आम्हाला कोणालाच जाग आली नाही.

३ फेब्रुवारी

फिरवणं. पिंजरा झाला म्हणून काम संपत नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण एका वस्तीवर आमचं बघून केला आणि कुत्रं आठ-आठ दिवस आतच. कायद्याने पण ते चालत नाही आणि कुत्रं वेडं होतं. आम्ही सकाळी ऊन पडल्यावर आणि संध्याकाळी पाचच्या आत, दोरीने, शाळेची वेळ सोडून. वाघ्याला तोंडाला जाळी घालतो, कापडी पट्ट्याची नको, टोपलीसारखी घ्या, तिच्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी पट्टीने उन्हात कुत्रं दमून पडलेलं पाहिलंय आम्ही. तात्यांच्या नातवाला आता वाघ्या ओळखतो, दोरीला असताना दोनदा बिस्कीट खाल्लं त्याच्या हातचं, तरी मोकळा सोडणार नाही.

खिळ्यांचे पट्टे पण मिळतात, पिंपरखेडकडे तर माणसं स्वतःच्या गळ्यात घालून शेतात जात होती. वाघ्यासाठी एक आणलाय, फिरवताना घालतो, पिंजऱ्यात काढतो नाहीतर चंपीला लागतो.

११ फेब्रुवारी

हिशोब. ब्लॉक-सिमेंट-क्रश सँड-खडी मिळून १६,५००, गवंडी फोडाफोडीसकट ९,०००, पाईप-पट्टी १७,२००, वेल्डमेश ७,१००, फॅब्रिकेशनची मजुरी ९,५००, पत्रा ६,८००, बिजागऱ्या-कड्या-कुलूप-रेड ऑक्साईड-रंग ३,९००, जनरेटर डिझेलसकट १,४००, आणि ती वाया गेलेली चेनलिंक ५,६००. झाले ७७,०००. एकच कुत्रं असेल तर आठ बाय सहामध्ये बरंच कमी येईल, पण दोन दारांमधली जागा कमी करू नका, तीन फुटाच्या खाली माणूस बादली घेऊन वळत नाही. जुनं लोखंड भंगारातून घेऊन एकाने पाईपचे पैसे बरेच वाचवले, फक्त गंजलेलं आतून पोकळ झालेलं नाही ना ते ठोकून बघा.

राहिलेलं काम: सांडपाण्याचा पाईप आत्ता नुसता बाहेर सोडलाय, तिथे शोषखड्डा करायचा आहे, पावसाळ्याआधी झाला पाहिजे. पश्चिमेच्या बाजूला दुपारचं ऊन थेट आत येतं, मार्चमध्ये तिकडे हिरवी शेडनेट लावून बघणार, पत्रा लावला तर हवा बंद होईल. आणि वेल्डवर जिथे रंग उडालाय तिथे परत रेड ऑक्साईड.